बस्ता कुठं बांधला?

"हॅलो?… हॅलो, कोण?… कोण राजेश्वरी?"

कोण राजेश्वरी ते शोभाताईंना चांगलं ठाऊक होतं. नाव फोनवर आलेलं होतं, आवाज सव्वीस वर्षांच्या ओळखीचा होता, आणि गेले सोळा दिवस त्या याच फोनची वाट बघत होत्या. पण वाट बघत होतो हे कळू दिलं तर त्या शोभाताई कसल्या.

"असं होय… आबासाहेबांची राजेश्वरी होय. अगं, आवाज ओळखलाच नाही बघ. बऱ्याच दिवसांत कानावर नाही ना पडला… नाही, नाही, बोल की… दुकानातच आहे… हो, गर्दी आहे जरा. चालायचंच. तू बोल."

गर्दी म्हणजे गादीच्या एका टोकाला बसलेले त्यांचे यजमान शामकांतराव. त्यांनी पेपर तिसऱ्यांदा वाचायला घेतला होता. शेवगावच्या पेठेत 'सुवासिनी वस्त्रनिकेतन' हे दुकान त्यांच्या वडिलांनी मास्तरकी सोडून काढलं, तेव्हा भावकीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली होती. पुढं त्याच लोकांच्या मुलींचे बस्ते या गादीवर बांधले गेले. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत, एका दुकानात घ्यायची. दोन्हीकडची मंडळी जीप भरून यायची, सकाळी बसायची ती दिवेलागणीला उठायची. मधे दोनदा चहा, एकदा पोहे, चारदा रुसवे. आता दोन वर्षांपूर्वी नेवासा रोडला तो मॉल आला. एवढा मोठा, की तिथं आत गेलेला माणूस बाहेर यायला तास लावतो. तेव्हापासून जीपा परस्पर तिकडंच वळतात.

"मी बरी आहे… हे पण बरे आहेत… आमचा शौनक पुण्यालाच आहे. तुझं सांग. लग्नघर तुझं, सांगायचं तू… नाही बाई, मला कुठलं काय माहीत. पत्रिका यायची आहे अजून… पंधरा दिवसांवर आलं? बघ, मला तारीखसुद्धा तुझ्याच तोंडून कळते आहे."

हे साफ खोटं होतं. तारीख गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवलेली होती.

त्या गोलाला कारण होतं. दिवाळीनंतर शामकांतरावांनी एकदाचं बोलून टाकलं होतं की, आता पुरे. मोबाईलच्या शोरूमवाले जागा मागताहेत, देऊन टाकू. शोभाताई म्हणाल्या होत्या, देऊ, पण राजेश्वरीच्या कल्याणचं लग्न ठरतंय, तेवढा बस्ता होऊ दे. राजेश्वरीचा स्वतःचा बस्ता शोभाताईंनी बांधला होता. त्या तेव्हा या दुकानात नव्या होत्या आणि राजेश्वरी लग्नाची मुलगी होती. तो त्यांचा पहिला बस्ता. तिच्याच मुलाचा शेवटचा, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. राजेश्वरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि सोळा दिवसांपूर्वी राजेश्वरीनं मोबाईलवर स्टेटस टाकलं. मॉलच्या दारातल्या फुग्यांच्या कमानीखाली ती उभी, हातात शालू, शेजारी कल्याण आणि होणारी सून आरती, तिघांचे दात दिसत होते.

"स्टेटस? कुठलं स्टेटस?… मी नाही गं बघत ते. मला वेळ कुठं असतो… काय?… माझं नाव दिसलं तुला? कुणी कुणी बघितलं त्याची नावं येतात?"

शोभाताईंनी फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं. अशी चुगलखोर वस्तू आपण रोज उशाशी घेऊन झोपतो हे त्यांना आत्ता कळत होतं.

"…असेल. बोट लागलं असेल चुकून… हो, म्हणजे ओझरतं दिसलं. मोरपंखी शालू होता ना? आणि तुझ्या हातात ती पिवळी पिशवी… नाही, मला राग कशाचा येतो. दुकानं सगळ्यांसाठी उघडी आहेत. तुम्ही कुठं जायचं ते सांगणारी मी कोण… अगं, खरंच राग नाही. मला एवढंच सांग, किती वेळ होतात तिथं?"

हा प्रश्न विचारायचा नव्हता. तो आपोआप निघाला. आणि एकदा एक निघाला म्हटल्यावर मागचे दम धरेनात.

"दोन तास? दोन तासांत बस्ता?… अगं, तुझ्या वेळी तुझ्या मामींना एक साडी पसंत पडायला दोन तास लागले होते… दाखवलं कुणी? पोरगी होती? केवढी?… वीस-बावीस. आणि तिला कळतं का, आत्याबाईला काय चालतं, विहीणबाईला काय चालतं?… स्वतःच काढून बघायचं? रॅकमधून?… म्हणजे समोर कुणी उलगडून टाकलंच नाही तुझ्या… बसायला तरी दिलं का?… स्टूल? अगं बाई. नवरदेवाची आई स्टुलावर."

शोभाताईंच्या जिवाला बरं वाटलं. पण ते पुरलं नाही.

"नाव विचारलं का तुझं?… बिलावर मोबाईल नंबर घातला, ते वेगळं. नाव विचारलं का, की बाई तुम्ही कुठल्या, माहेर कुठलं, कितवं लग्न घरातलं?… नाही ना… हो, एसी असेल की. एसीला मी नाही म्हणत नाही… एकावर एक फुकट? कशावर?… आहेराच्या साड्यांवर. बरं. आणि वर कूलर… कूलर दिला बस्त्यावर?"

त्यांनी वर आपल्या पंख्याकडं बघितलं. तो नेहमीसारखा कुरकुरत फिरत होता.

"चांगलं झालं. उन्हाळ्याचं लग्न आहे, कूलर लागतोच… नाही गं, टोमणा कसला. मी कशाला टोमणे मारू. आमची बनुबाई पण आता तिकडंच असते, भेटली असेल तुला. आमच्याकडच्या साड्यांना फॉल-पिको करायची ती… हो, तीच. आता तिकडं कपडे घालून बघायच्या खोलीबाहेर उभी असते, किती घेऊन आत गेलात ते बघायला. निळा युनिफॉर्म आहे म्हणे. मला परवा बाजारात भेटली, तर म्हणाली, ताई, खुर्ची नाही देत बसायला. म्हणलं, मग ये की परत. तर म्हणाली, परत येऊन शिवू काय?… बरोबर आहे तिचं… जाऊ दे. तू फोन कशाला केलास ते सांग. पत्रिका द्यायला येतेस का?"

पलीकडं बराच वेळ नुसतं बोलणं चाललं होतं. शोभाताई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी गादीवरून पाय खाली सोडले.

"थांब, थांब. हळू सांग… काल तुम्ही तिसगावला गेलात, आरतीच्या माहेरी. मानपानाची कापडं घेऊन. बरं… मग?… तिच्या आजीला, झुंबरबाईंना, आजेचीर दिलं. ते द्यायलाच लागतं, नवरीच्या आजीचा मान आहे तो, नवरदेवाकडूनच जातो… हो… नऊवारी दिली ना? मग बिनसलं काय?… काय होतं तिला?"

"काय?"

"पाय?"

शामकांतरावांनी पेपर खाली केला.

"पाय होते लुगड्याला?… अगं म्हणजे शिवलेली… अगं देवा. ती तयार नऊवारी, नाडी बांधायची आणि पायजम्यासारखी चढवायची, ती घेतलीस तू आजेचीर म्हणून?… खोक्यात बंद होती. बरोबर, खोक्यावर बाईचं चित्र असतं, नऊवारी नेसलेली… त्या पोरीला तू नऊवारी दे म्हणालीस, तिनं नऊवारी दिली. तिची काय चूक. तिच्या दृष्टीनं नऊवारी म्हणजे तीच… आणि झुंबरबाईंनी सगळ्यांच्या देखत उघडलं?"

इथं शोभाताईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडात धरला, तरी ते आलंच. सोळा दिवसांचं साठलेलं हसू होतं, त्याला आवर कसा बसणार.

"नाही, नाही, हसत नाही… ठसका लागला. पुढं काय झालं?… घडी उलगडायला हात घातला आणि हात नळीत गेला… मग?… 'हिला तर पाय हायेत' म्हणाल्या? अशाच म्हणाल्या?… 'या वयात मला तमाशाला उभी करता व्हय'… अरे रामा… सगळ्या भावकीपुढं… हं… हं… फेकली का?… नाही, घडी घालून परत दिली. मग ते जास्त वाईट झालं."

झुंबरबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. वर्षातून दोनदा, बाजारच्या दिवशी एसटीनं यायच्या, गादीवर मांडी ठोकून बसायच्या आणि एकच लुगडं घेऊन जायच्या. इरकली, टोपपदराचं, रुईफुली काठाचं. दुसरं काही दाखवायला गेलं की म्हणायच्या, "शोभाबाई, माझ्या वयाला तुझी दुकानदारी चालायची न्हाई." त्यांच्या हातात पायांचं लुगडं गेलं, हे डोळ्यांपुढं आणून शोभाताईंना पुन्हा ठसका लागला.

"हो, ऐकतेय… मांडवात पाऊल ठेवणार नाही म्हणतात?… आणि आरतीचे वडील?… ते आईच्या शब्दाबाहेर नाहीत. हं. म्हणजे अवघड आहे खरं… आणि तुझे यजमान, आबासाहेब काय म्हणतात?… जेवले नाहीत कालपासून… रडू नकोस. अगं ऐक ना, रडू नकोस तू… मी काय करू शकते यात?"

ती काय मागणार हे त्यांना कळलं होतं. तरी तिच्या तोंडून ते यावं असं वाटत होतं, आणि आलं तसं त्यांनी जरा थांबून घेतलं. लोणचं मुरायला जसा वेळ देतात, तसा.

"खरं लुगडं. इरकली… उद्याच्या उद्या… नाही गं. कुठलं आता. लुगडी ठेवायची बंद केली आम्ही. नेसणाऱ्या राहिल्या किती, आणि ज्या राहिल्या त्यांच्या सुना त्यांना मॉलमधे घेऊन जातात… नाही, मी बोलत नाही काही. जे आहे ते सांगते… एकसुद्धा नाही. अगं, असतं तर नाही म्हणाले असते का मी?"

गादीमागच्या काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लुगडं होतं. डाळिंबी, इरकली, रुईफुली काठाचं. आरती ही झुंबरबाईंची नात, आणि तिची सोयरीक राजेश्वरीच्या घरी ठरली, हे कानावर आलं त्याच आठवड्यात शोभाताईंनी ते व्यापाऱ्याला सांगून मागवलं होतं. राजेश्वरी बस्त्याला बसली की आजेचीर म्हणून आपण स्वतः पुढं टाकायचं, आणि ती म्हणणार, ताई, तुम्हाला कसं कळलं. एवढ्यासाठी. शामकांतराव आता त्याच फळीकडं बघत होते, आणि शोभाताई त्यांच्याकडं बघत नव्हत्या.

"हं… बघ बाई… हो, चौकशी कर की… कुठं?"

त्या ताठ झाल्या.

"पाथर्डीला? पाथर्डीला कुणाकडं?… त्याच्याकडं? तो काय इरकल ठेवतो? पावडर लावलेलं कापड असतं त्याचं, एका धुण्यात मच्छरदाणी होते… त्याच्याकडचं लुगडं तू झुंबरबाईंना देणार? हात लावल्याबरोबर ओळखतील त्या… मिळतं म्हणाला? कधी बोललीस त्याच्याशी?… आज सकाळी. म्हणजे मला फोन करायच्या आधी त्याला केलास… नाही, विचारते नुसती. आधी मॉल, मग पाथर्डी, मग मी. चांगलं आहे. तिसरा नंबर पण नंबरच असतो… नको. राजेश्वरी, नको जाऊस तू तिकडं. ऐक माझं… अगं, नको म्हणते ना. माझ्याकडं आहे."

झालं. बोलून बसल्या. मॉलला गेली ते सोळा दिवस सोसलं होतं, पण पाथर्डीचा तो पावडरवाला झुंबरबाईंना लुगडं देणार, हे त्यांच्यानं एक मिनिट सोसवलं नाही.

"हो, आहे. आत्ता तर नव्हतं, आता आहे… कसं म्हणजे? ठेवलं होतं बाजूला… कुणासाठी ठेवणार? वेडी आहेस का तू… डाळिंबी. रुईफुली काठ… हो, अगदी तसंच. त्यांना मी दुसरं देईन का… बरं, बरं. पुरे आता. उद्या दहाला ये आणि घेऊन जा… अजून काय?… बोल की. गप्प का झालीस?"

आता पलीकडून शब्द फार सावकाश येत होते. शोभाताई पुन्हा मांडी घालून बसल्या, मग अर्ध्यात पुन्हा उठल्या.

"त्यांनी विचारलं, बस्ता कुठं बांधला. बरोबर, विचारणारच. मग तू काय सांगितलंस?… राजेश्वरी, काय सांगितलंस तू?"

"माझं नाव?"

"माझं नाव सांगितलंस? त्या पायाच्या लुगड्यावर?… थांब. मला नीट कळू दे. बस्ता बांधलास नेवासा रोडला. शिवलेली नऊवारी आणलीस तिथून. झुंबरबाई भडकल्या. तेव्हा तू घाबरून म्हणालीस, शोभाबाईंकडंच बांधला… घाबरून, घाबरून, कळलं मला… म्हणजे आता तिसगावात काय झालं, की शोभाबाईनं म्हातारीला विजार दिली… नाही, 'तसं कुणी म्हणलं नाही' म्हणू नकोस. झुंबरबाई काय म्हणाल्या ते सांग मला. त्यांच्या तोंडचं सांग… 'शोभाबाईलाबी आता मानसं कळंना झाली'."

सव्वीस वर्षं शोभाताईंना माणसं कळत होती. कुठल्या काकूला हिरवा रंग दिला की ती जेवायला बसत नाही, कुणाच्या विहीणबाईला काठ बोटभर कमी पडला तर लग्न मोडायची पाळी येते, कुणाला एकटीला बाजूला घेऊन जास्तीचा ब्लाऊजपीस दिला की सगळं शांत होतं, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तेवढंच तर त्यांच्याकडं होतं. कापड काय, कुणाकडंही मिळतं. रागाला आल्या की शोभाताई गिऱ्हाइकांच्या बोलीत शिरत, तशा आता शिरल्या.

"लई भारी केलंस. लई भारी. माल त्याचा अन् नाव माझं. कूलर तू घेतलास अन् शिव्या मला… न्हाई, मला बोलू दे आता. मी गप हुते तवर तुला बरं वाटलं. तुला तिकडं जायचं हुतं, गेलीस. मी अडवलं का? एक शब्द बोलले का? पन माझं नाव का घेतलंस गं तू? ते एकच तर राहिलं हुतं… रड, रड. मी पन रडले की सोळा दिवस. मला कुणी फोन केला?"

शामकांतराव उठून दारात जाऊन उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडं त्यांनी विनाकारण हात केला.

पुष्कळ वेळ शोभाताई नुसतं "हं" म्हणत राहिल्या. एक हं रागाचा, मग एक थोडा कमी रागाचा.

"हं… कल्याण म्हणाला, आरतीला तिथलं आवडतं… हं. तिच्या मैत्रिणी सगळ्या तिथंच जातात… आणि तू काही बोलली नाहीस. सुनेसमोर पहिल्याच दिवशी कशाला म्हणून… ते कळतं मला. मी पण सासू होणार आहे कधीतरी… दुकानावरून जायला लाज वाटत होती? म्हणून बाजाराला मागच्या गल्लीनं जात होतीस? अगं, मला वाटलं तू आलीच नाहीस बाजाराला… हं. नाही, रागावले आहेच मी. पण ऐकतेय. अजून काय मागायचं आहे ते माग. आवाजावरून कळतंय, अजून आहे काहीतरी."

"पिशव्या?"

"कसल्या पिशव्या?… आमच्या दुकानाच्या?"

"म्हणजे सगळा बस्ता पिवळ्या पिशव्यांतून काढून आमच्या पिशव्यांत भरायचा, आणि परवा झुंबरबाईंना दाखवायचा. का, तर त्यांनी सांगितलंय, शोभाबाईच्या दुकानची पिशवी बघितल्याशिवाय माझा विश्वास न्हाई… असं म्हणाल्या त्या?"

एवढं ऐकून खरं तर त्यांचा जीव सुखावला. रागात सुद्धा सुखावला. नेवासा रोडच्या एवढ्या मोठ्या पाटीपेक्षा, दिव्यांपेक्षा, तिसगावच्या एका म्हातारीला आपली कापडी पिशवी जास्त खरी वाटते. त्या कपाटाखालच्या कप्प्याकडं वळल्या. आत पिशव्यांचा न फोडलेला गठ्ठा होता. नाव छापलेलं, फोन नंबर छापलेला, खाली 'लग्नाच्या बस्त्याचे खात्रीचे ठिकाण'. मागच्या वर्षी छापून आणला होता, चांगला सीझन होईल म्हणून.

"किती लागतील?… चाळीस… चाळीस कशाला, सगळ्या घेऊन जा."

"रागानं नाही म्हणत. खरंच सगळ्या घेऊन जा. आम्हाला आता काय करायच्या आहेत… नाही, नवीन नाही छापायच्या… अगं, दुकान बंद करतोय आम्ही."

"हॅलो… आहेस ना?"

"हो. जागा दिली मोबाईलवाल्यांना. पुढच्या महिन्यात… दिवाळीनंतरच ठरलं होतं… तुला कशाला सांगायचं? सांगितलं असतं तर तू दया म्हणून आली असतीस. दयेनं बस्ता बांधू नये कुणी… मीच यांना म्हणाले होते, राजेश्वरीच्या कल्याणचं होऊ दे, मग लावा शटर. तुझा पहिला होता ना, म्हणून. बाकी काही नाही… तुझी काय चूक. तू नसतीस गेली तरी शटर लागणारच होतं. एका बस्त्यानं दुकान चालत नाही. मला फक्त तेवढा पाहिजे होता."

दारात उभ्या शामकांतरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

"पुरे आता. नाक पूस… नाही, तू झुंबरबाईंना खरं सांगणार नाहीस. अजिबात नाही. लग्नाआधी पंधरा दिवस कुणी खरं सांगतं का… मी येते परवा तुझ्याबरोबर तिसगावला. मी सांगते त्यांना, की म्हातारे, चूक माझ्या हातून झाली. खोकं बदललं. हे घे तुझं लुगडं… होऊ दे की बदनामी. बोलतील दोन शब्द, मी ऐकून घेईन. सव्वीस वर्षांत एकदा चुकले म्हणून सांगेन… का म्हणजे? चूक माझी, तर बस्ताही माझाच झाला ना. त्या मॉलला कशाला देऊ तो?"

हे बोलताना त्यांचा आवाज हट्टी झाला, लहान पोरगी भातुकलीतलं भांडं पाठीमागं लपवते तसा. पण एकदा बस्ता आपला म्हटल्यावर त्यांच्या अंगात दुकानदारीण संचारली. त्यांनी गल्ल्यावरची वही ओढली, पेन शोधलं, पेनाचं टोपण दातानं काढलं.

"आता मला सांग, मी तुला काय काय दिलं?… अगं, परवा त्यांनी विचारलं तर मला माहीत नको? बस्ता माझ्याकडचा, आणि मलाच ठाऊक नाही, असं कसं चालेल. सांग, लिहून घेते… नाही, शालूपासून नाही. क्रमानं सांग. आधी देवाचं सांग… देवाचं गं. कुलदेवीचं वस्त्र. आधी देवीची साडी काढायची, तिला हळदीकुंकू लावायचं, मग माणसांचं कापड बघायचं. कुठली काढली होतीत देवीला?"

"आठव की."

"…नाही घेतली?"

"म्हणजे काढलीच नाही?… कुणी म्हणालं नाही. हं. आबासाहेब पण नाहीत?… ते कूलरच्या रांगेत. आणि ती पोरगी कशाला सांगेल, तिला काय माहीत."

पेन वहीवर तसंच थांबलं. शोभाताईंच्या चेहऱ्यावर सोळा दिवसांत पहिल्यांदा जे तेज आलं, ते बघून शामकांतराव दारातून आत आले.

"घाबरू नकोस… नाही, अशुभ कसलं. उलट बरं झालं… अगं बाई, ऐक ना. उशीर झालेला नाही काही. देवीची साडी निघाल्याशिवाय बस्ता सुरू होत नाही, तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हेच सांगितलं असतं. अजून बांधलाच नाहीस तू बस्ता… तिकडं काय केलंस? तिकडं त्यांनी तुला नुसतं कापड विकलं… उद्या ये. कल्याणला आण, आरतीला आण, आबासाहेबांना जेवायला लावून आण. आणि एक कर, देवीचं माप, पाचवारी की नऊवारी, विचारून ये… हो. दहाला. गादी घालून ठेवते मी. ठेव आता."